जासूदजोडी ते मोबाइल : ग्वाल्हेरच्या कागदांची दुसरी प्रत

१७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरच्या दक्षिणेला सालबाई नावाच्या गावी महादजी शिंद्यांच्या छावणीत एक तह ठरला. इंग्रजांच्या बाजूने डेव्हिड अँडरसन होता, पेशव्यांच्या वतीने स्वतः महादजी. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई मराठ्यांना परत मिळाली, राघोबादादांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक ठरली आणि १७७५ पासून चाललेलं पहिलं इंग्रज-मराठा युद्ध थांबलं. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट इथेच संपते. कागदाची गोष्ट मात्र पुढे नऊ महिने चालू राहिली.

तहाची प्रत कलकत्त्याला पोचली आणि ६ जून रोजी वॉरन हेस्टिंग्जने तिला मंजुरी दिली. पुण्यात गेलेली प्रत नाना फडणिसांच्या दप्तरात पडून राहिली. तहात हैदरअलीबद्दल एक कलम होतं: त्याने इंग्रजांचा आणि अर्काटच्या नबाबाचा घेतलेला मुलूख सोडावा. हैदर नानांचा दोस्त होता, अजून लढत होता आणि तो मैदानात आहे तोवर इंग्रजांवर दाब राहणार होता. नाना थांबले. ७ डिसेंबरला हैदर वारला, २० डिसेंबरला पुण्याने तह मान्य केला आणि २४ फेब्रुवारी १७८३ रोजी मान्य झालेल्या प्रतींची अदलाबदल झाली. मधल्या काळात एकाच कागदाच्या तीन ठिकाणी तीन अवस्था होत्या. सालबाईत तह झालेला होता, कलकत्त्यात तो कायदा झाला होता आणि पुण्यात तो मसुदा होता. तिन्ही ठिकाणची माणसं आपापल्या प्रतीनुसार वागत होती.

दूरदूरच्या ठिकाणी असलेल्या प्रती एकसारख्या राखणं हे काम आज आपल्या खिशातला मोबाइल न विचारता करतो. फोटो काढला की तो क्लाउडवर चढतो, तिथून घरच्या लॅपटॉपवर उतरतो. या कामाचा इतिहास सहसा कॅलिफोर्नियातून सांगितला जातो. मला तो ग्वाल्हेरहून सांगावासा वाटतो, कारण या शहराचा स्वतःचा अठराव्या शतकाचा इतिहास आपल्यापर्यंत आला तो इतर गावी राहिलेल्या प्रतींमधून.

महादजींच्या काळी शिंद्यांच्या राज्याचं मुख्य ठाणं उज्जैन होतं, पण राज्य चालायचं ते तंबूतून. मथुरा, आग्रा, दिल्ली, पुन्हा चंबळ ओलांडून ग्वाल्हेर, असा मुक्काम सतत हलत असे. १७८३ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला गोहदच्या राण्याकडून परत आला तरी शिंद्यांचं शहर असं काही तिथे उभं राहिलं नव्हतं. फडाचे कारकून, बोरू, दौती, पत्रांच्या थैल्या आणि हिशेबाचे रुमाल फौजेबरोबर फिरत. आजच्या भाषेत छावणी हे फिरतं यंत्र होतं आणि पुण्याचं हुजूर दफ्तर हे मुख्य साठवणीचं ठिकाण. दोन्हींच्या मध्ये नर्मदा होती, सातपुडा होता, भिल्लांचे घाट होते आणि पावसाळ्याचे चार महिने होते.

पत्र घेऊन जाणारे जासूद बहुधा दोघे असत. कागदांत ‘जासूदजोडी’ हा शब्द वारंवार येतो. एक आजारी पडला, लुटला गेला किंवा नदीच्या पुरात अडकला तरी दुसरा पुढे जावा, हा त्यामागचा साधा हिशेब. घाई असेल तर सांडणीस्वार निघे. मजकूर फार महत्त्वाचा असेल तर तेच पत्र दुबार लिहून वेगळ्या वाटेने रवाना होई. ईस्ट इंडिया कंपनीही लंडनला खलिते पाठवताना दुसरी, कधी तिसरी प्रत निराळ्या जहाजावर चढवत असे. वाटेचा भरवसा नसला की माणूस जगभर हीच युक्ती करतो.

या पत्रांच्या कडा आणि पाठी मला मजकुराइतक्याच वाचनीय वाटतात. पत्र निघालं त्या दिवसाची ‘रवाना’ म्हणून नोंद असते. ते ज्याच्या हाती पडलं त्याचा कारकून कडेला किंवा पाठीवर ‘पैवस्ती’ लिहून पोचल्याचा दिवस टाकतो. पुढे त्या पत्राचं उत्तर लिहिताना अमुक चंद्राचं, म्हणजे तारखेचं, तुमचं पत्र अमुक दिवशी पावलं, मजकूर कळला, अशी सुरुवात होते. म्हणजे पाठवणाऱ्याला कळतं की आपलं कुठलं पत्र पोचलं आणि कुठलं वाटेत राहिलं. न पोचलेलं पुन्हा धाडता येतं. एवढी शिस्त असलेल्या या पत्रांत एक मोठी उणीव होती. पुष्कळ पत्रांवर चंद्र आणि महिना असे, वर्ष नसे. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच असायचं. शंभर वर्षांनी ते पत्र उघडणाऱ्या माणसाला मात्र ते कुठल्या सालचं हे ठरवण्यासाठी मजकुरातल्या लढाया, लग्नं आणि मृत्यू जुळवत बसावं लागलं.

बातमी किती वेगाने जाई याचं एक भयंकर उदाहरण याच मुलखातलं आहे. पानिपत १४ जानेवारी १७६१ रोजी घडलं. वाचलेली माणसं दक्षिणेकडे सरकत ग्वाल्हेरला गोळा झाली. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना भेलशाला ती बातमी कळली तेव्हा २४ जानेवारी उजाडला होता. मधल्या दहा दिवसांत पेशवे संपलेल्या सैन्याच्या मदतीला जात होते.

महादजी आणि नाना यांच्यातला हिशेबाचा वाद हाही अशाच न जुळलेल्या वह्यांचा वाद होता. हिंदुस्थानच्या मोहिमांवर आपला अफाट खर्च झाला, तो सरकारने मान्य करावा, असं महादजींचं म्हणणं. मुलूख मिळाला, त्याचा वसूल कुठे आहे, हा पुण्याचा सवाल. सदाशिव दिनकर, आप्पाजी राम अशी पुणे दरबारची माणसं छावणीत राहून नानांना पत्रं लिहीत होती, तरीही पुण्याची वही आणि छावणीची वही वर्षानुवर्षं वेगवेगळे आकडे सांगत राहिल्या. १७९२ मध्ये महादजी स्वतः पुण्याला आले त्यामागे जी कारणं होती, त्यांत हे एक होतं. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला त्यांचा मृत्यू झाला.

आता कोट्याकडे वळू. राजपुतान्यातल्या कोटा, बुंदी वगैरे संस्थानांकडून शिंद्यांचा वसूल आणण्याचं काम गुळगुळे घराण्याकडे होतं. लालाजी बल्लाळ गुळगुळे हे त्यांतलं सर्वांत ठळक नाव. छावणी दिल्लीकडे असो वा दक्षिणेत, गुळगुळ्यांना तिची हालचाल कळवली जाई, कारण पैसा कुठे आणि केव्हा पोचवायचा हे त्यावर ठरत असे. आलेली पत्रं त्यांनी जपली. इतिहासासाठी नव्हे, उद्या हिशेब विचारला तर दाखवायला कागद हवा म्हणून. पिढ्यानुपिढ्या हे मोडी दप्तर कोट्यातच राहिलं.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि तो मुक्काम पुन्हा हललाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले आणि त्या शहराचं नावच लष्कर पडलं. आजही तिथल्या गल्ल्यांत फिरताना मराठी सरदारांची आडनावं पत्त्यांमध्ये भेटतात: फाळका बाजार, पाटणकर बाजार. दौलतगंज, जनकगंज, माधवगंज, जयेंद्रगंज ही राजघराण्यातली नावं. वाड्याचा ‘बाडा’ होऊन महाराज बाडा झाला. याच लष्करात नया बाजार आहे, आणि त्याच्या नावात ना सरदार ना राजा, नुसता व्यापार आहे.

१ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब आणि राणी लक्ष्मीबाई यांनी ग्वाल्हेर घेतलं. जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले. तीन आठवड्यांच्या आत इंग्रजांनी शहर परत जिंकलं आणि किल्ला तर १८८६ पर्यंत स्वतःच्या ताब्यात ठेवला. एवढ्या उलथापालथी ज्या गावाने सोसल्या, त्या गावातला कागद तिथेच सुरक्षित राहील अशी अपेक्षा धरणं कठीण.

म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अभ्यासक महादजींचा शोध घेऊ लागले तेव्हा त्यांना देशभर हिंडावं लागलं. १८९८ मध्ये राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड काढला, तो वाईला सापडलेल्या पत्रांवर. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेच्या पटवर्धनांचं दप्तर उपसलं. नाना फडणिसांचे खासगी कागद वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात होते. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी ते हाताळले आणि त्यांतलं पुष्कळ छापलं. दिल्लीच्या वकिलातीची पत्रं हिंगण्यांच्या घरी, नाशिकजवळ चांदोरीला होती. पुण्याच्या हुजूर दफ्तरातून गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या चार वर्षांत पंचेचाळीस खंड संपादून काढले. कंपनीचा पुण्यातला रेसिडेंट आणि त्याचे भाईबंद महादजींवर नजर ठेवून जे लिहीत होते, ते पुणे रेसिडेन्सी पत्रव्यवहाराच्या पहिल्या खंडात जदुनाथ सरकारांनी १९३६ मध्ये आणलं. आणि ग्वाल्हेरच्या आनंदराव भाऊ फाळक्यांनी कोट्याचं गुळगुळे दप्तर हाती घेऊन ‘शिंदेशाही इतिहासाची साधनें’ १९२९ पासून छापायला सुरुवात केली. १९३७ मध्ये महादजींविषयीची पत्रं ग्वाल्हेर दरबाराने प्रसिद्ध केली, तेव्हा संपादक पुन्हा सरदेसाईच होते.

ही नावं ओळीने घेतली कारण त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. ग्वाल्हेरच्या धन्याचा इतिहास वाई, मेणवली, चांदोरी, पुणे, कोटा आणि कलकत्ता इथून जुळवला गेला. या सगळ्या ठिकाणांचे मालक वेगळे होते. नानांना महादजींवर पूर्ण विश्वास नव्हता, कंपनीचा दोघांवरही नव्हता, गुळगुळ्यांना आपल्या हिशेबाची काळजी होती. एकाने कागद जाळला असता तरी दुसऱ्याच्या घरची प्रत जळली नसती. छावणीतून कुणी हुकूम काढून मेणवलीचं दप्तर पुसू शकत नव्हतं. त्या काळातली जुळवाजुळव मंद होती, अपुरी होती, तिने राजकारणात फार नुकसान केलं. कागद मात्र तिच्यामुळेच वाचले.

हेच काम यंत्राकडे कसं गेलं ते आता पाहू. पहिली अडचण सालबाईचीच होती: दोन ठिकाणी बदल झाला तर आधीचा कोणता? घड्याळावर विसंबता येत नाही, कारण दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. १९७८ मध्ये लेस्ली लॅमपोर्ट या संशोधकाने एका निबंधात दाखवून दिलं की घड्याळ बाजूला ठेवूनही घटनांचा क्रम लावता येतो. कुठला निरोप कुठल्या निरोपानंतर निघाला एवढं नोंदवत गेलं की पुरे. आमचे फडातले कारकून उत्तराच्या पहिल्या ओळीत मागच्या पत्राचा हवाला देत होते तेव्हा हाच धागा राखत होते.

दुसरी अडचण तुटलेल्या वाटेची. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मद्रासच्या आयआयटीतून शिकून गेलेले महादेव सत्यनारायणन यांनी १९८७ च्या सुमारास कोडा नावाची फाइल-व्यवस्था बांधायला घेतली. जाळं तुटलं तरी माणसाचं काम थांबू नये, जवळच्या प्रतीवर ते चालू राहावं आणि जोडणी परत आली की दोन्हीकडचे बदल जुळवावेत, ही तिची कल्पना. जेम्स किस्टलर यांच्याबरोबर १९९१ मध्ये त्यांनी ती जगापुढे मांडली. लोहमार्गाच्या बोगद्यात गेलेला आपला मोबाइल आज जे वागतो ते याच विचारातून.

तिसरी अडचण खर्चाची. तार बारीक, फाइल मोठी, बदल एका ओळीचा. सगळी फाइल पुन्हा का पाठवायची? १९९६ च्या जूनमध्ये कॅनबेऱ्याच्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ‘आरसिंक’ जाहीर केलं. दोन्ही ठिकाणच्या फाइलींचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा एक छोटा आकडा काढायचा, आकडे ताडून पाहायचे आणि जो तुकडा जुळत नाही तेवढाच धाडायचा. त्याच वर्षी पाम पायलट बाजारात आला. तळहातावरचं ते यंत्र पाळण्यात ठेवून एक बटण दाबलं की त्यातले पत्ते आणि भेटींच्या वेळा संगणकाशी जुळत. बटण मात्र माणसालाच दाबावं लागे.

ते बटण नाहीसं झालं ते पुढच्या बारा वर्षांत. मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनने आपली साठवण भाड्याने द्यायला सुरुवात केली. २००७ मध्ये ड्रू ह्यूस्टन आणि अराश फिरदौसी या एमआयटीच्या दोघा तरुणांनी ड्रॉपबॉक्सचं काम हाती घेतलं. बॉस्टनहून न्यू यॉर्कला जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावर पेनड्राइव्ह घरीच राहिल्याचं ध्यानात आलं, असं ह्यूस्टनने सांगितलं आहे. सप्टेंबर २००८ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये फाइल टाकायची, बाकी सगळं पाठीमागे आपोआप. दोघांनी एकाच वेळी एकच फाइल बदलली तर कुणाचीही न पुसता दुसरी प्रत वेगळ्या नावाने शेजारी ठेवायची. सालबाईच्या तहाला असा उपाय मिळाला नाही.

मग अँड्रॉइड फोन आला, २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलचा आयक्लाउड, एप्रिल २०१२ मध्ये गूगल ड्राइव्ह, मे २०१५ मध्ये गूगल फोटोज. या घाईच्या काळातली एक घटना फारशी कुणी सांगत नाही. साइडकिक नावाचा एक फोन अमेरिकेत लोकप्रिय होता. त्यातले पत्ते आणि फोटो कंपनीच्या सर्व्हरवर राहत, फोन तिथून ते उचलत असे. ऑक्टोबर २००९ मध्ये तो सर्व्हर कोसळला आणि लोकांची माहिती बहुधा कायमची गेली असं कंपनीला जाहीर करावं लागलं. नंतर बरीचशी परत मिळवता आली. पण आपल्या हातात जे दिसतं ते दुसऱ्याच्या एकाच कोठारावर उभं असू शकतं, हे तेव्हा लाखो लोकांना एका आठवड्यात समजलं.

आपल्याकडे हे सगळं सर्वसामान्यांपर्यंत पोचलं ते थोडं उशिरा आणि एकदम. जुलै २०१५ मध्ये सरकारचं डिजिलॉकर आलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने भारतातली आपली क्लाउड-केंद्रं सुरू केली, त्यांतलं एक पुण्यात. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं. त्याआधी एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. त्यानंतर कित्येक महिने डेटा फुकट होता आणि पुढेही स्वस्तच राहिला. मोबाइलमधला फोटो आपोआप वर चढू देणं परवडू लागलं ते तेव्हापासून.

नया बाजारासारख्या बाजारात याचा अर्थ फार व्यावहारिक असतो. दुकानदार मालाच्या बिलाचा फोटो काढतो, उधारीच्या पानाचा काढतो, ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा काढतो. फोन त्या फोटोची क्लाउडवरच्या यादीशी गाठ घालून पाहतो, नसेल तर पाठवतो, पोच आली की खूण करतो. २०१५ नंतरचे अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला पडद्यामागची कामं झोपवतात, म्हणून पुष्कळदा हे सगळं रात्री, फोन चार्जिंगला आणि वायफायवर असताना होतं. दिवसभराचे बिलांचे फोटो संध्याकाळी वर दिसले नाहीत म्हणून घाबरून जाण्याचं कारण नसतं. पण त्याच संध्याकाळी फोन हरवला तर त्या दिवसाची प्रत कुठेच नसते, हेही तितकंच खरं. रवाना आणि पैवस्ती यांच्यामधली दरी आठवड्यांवरून तासांवर आली, मिटली मात्र नाही.

याच लष्करातल्या जुन्या मराठी घरांमधून आता आणखी एक गोष्ट मोबाइलवर चढते आहे. माळ्यावरच्या ट्रंकेतले मोडी कागद, सनदा, जुने जमाखर्च, लग्नाच्या याद्या, संस्थानी नोकरीचे हुकूम. घरात मोडी वाचणारं कुणी उरलेलं नसतं. नवी पिढी पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी असते. दिवाळीत कुणीतरी ट्रंक उघडतं, कागद चादरीवर मांडतं, फोटो काढतं आणि ‘झालं, आता क्लाउडवर सेफ आहे’ म्हणून समाधान मानतं. मला या वाक्याची काळजी वाटते आणि हा लेख लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

सिंक म्हणजे जपणूक नव्हे. सिंकचं काम एवढंच की सगळीकडची प्रत एकसारखी असावी. एका ठिकाणी भर पडली की सगळीकडे भर, एका ठिकाणी पुसलं की सगळीकडे पुसलं. जागा कमी पडते म्हणून नातवाने फोनमधून पाचशे फोटो काढून टाकले, तर दुहेरी सिंक ते आज्ञाधारकपणे क्लाउडवरूनही काढून टाकतं. कचरापेटीत ते काही दिवस राहतात. गूगल ड्राइव्हची कचरापेटी ऑक्टोबर २०२० पासून तीस दिवसांनी आपोआप रिकामी होते. १ जून २०२१ रोजी गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण बंद झाली. डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेलं व्यक्तिगत गूगल खातं पुसलं जाऊ शकतं, असा त्यांचा नियम आहे. आजोबांच्या खात्यावर घराण्याचे कागद चढवले, आजोबा गेले, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही, अशा घरासाठी हा नियम फार कठोर ठरतो.

कारण या सगळ्या प्रती, फोनमधली, लॅपटॉपवरची, क्लाउडवरची, एकाच खात्याच्या हुकमतीत असतात. ठिकाणं तीन, मालक एक. वाई, मेणवली आणि कोट्याचं बळ नेमकं यात नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला आणि काही तासांत हस्तलिखितांची, पुस्तकांची जी नासधूस झाली ती भरून येणारी नव्हती. नावाजलेल्या संस्थेची ही गत, तर एका ईमेल पत्त्यावर टांगलेल्या संग्रहाचं काय?

ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांना, विशेषतः ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन, देवास, धार, बडोदे इथल्या मराठी घरांना, माझं सांगणं आहे. फोटो जरूर काढा, पण कागदाच्या दोन्ही बाजूंचे काढा. पैवस्ती बहुतेकदा पाठीवर किंवा कडेला असते आणि घाईत नेमकी तीच बाजू राहून जाते. फोटो मूळ दर्जातच साठवा. जागा वाचवणाऱ्या पर्यायात आणि व्हॉट्सॲपवर धाडताना मोडीतल्या बारीक रेघा पुसट होतात. फोन फोटोवर आजची तारीख टाकतो, कागदाची नव्हे, म्हणून फाइलच्या नावात निदान ट्रंक कुणाची, गठ्ठा कितवा, पान कितवं एवढं लिहा. वर्ष न घालून आपल्या पूर्वजांनी अभ्यासकांना पुरेसं दमवलं आहे. सिंक चालू ठेवा, त्याचा उपयोग मोठा आहे. त्याबरोबर एक प्रत अशा हार्ड डिस्कवर काढा जी कुठल्याही खात्याला जोडलेली नाही, आणि ती दुसऱ्या गावच्या भावंडाकडे द्या. आणखी एक प्रत भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ अशा एखाद्या संस्थेला देता येईल का, ते त्यांना विचारा. मूळ कागद कोरड्या, स्वच्छ कापडात बांधून घरीच ठेवा. फोटो निघाले म्हणून ते रद्दीत देऊ नका.

आणि हे याच वर्षी करा, कारण त्या ट्रंकेत कुठला गठ्ठा कुठल्या काकांचा, हे सांगू शकणारी घरातली वडीलधारी माणसं अजून आहेत.